शिवणीचा दोरा : निवड व पारख
(शिलाई, ओव्हरलॉक व यंत्रावरील भरतकाम यांकरिता)

प्राथमिक शाळेतील मुलामुलींचे गणवेश बारकाईने पाहिले असता बहुधा असे दिसून येते की, कापड अद्याप धड आहे, रंगही फारसा गेलेला नाही. परंतु काखेत, खिशाच्या तोंडाशी किंवा चड्डीच्या बैठकीच्या शिवणीवर कपडा उसवला आहे. कापड फाटणे ही एक गोष्ट आणि शिवण उसवणे ही दुसरी. पहिली वापराने व काळाने घडते. दुसरी पुष्कळदा दोऱ्याच्या चुकीच्या निवडीने घडते. ज्या घरात मुलाजवळ एकच चांगला कपडा असतो, त्या घरात ही बाब किरकोळ राहत नाही. शिवण उसवली म्हणून जागेवरून न उठणारा, फळ्याजवळ येण्यास लाजणारा, किंवा दुसऱ्या दिवशी शाळेतच न येणारा मुलगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

गणवेशाची जबाबदारी आता पुन्हा शाळेच्या जवळ आली आहे. २०२४-२५ या वर्षी कापड राज्य पातळीवरून पुरवून शिलाईचे काम महिला बचत गटांकडे देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली होती. २०२५-२६ पासून हे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे परत सोपविण्यात आले. या योजनेत एका गणवेशास ३०० रुपये याप्रमाणे दोन गणवेशांचे ६०० रुपये धरलेले आहेत. या रकमेत कापड, शिलाई, गुंड्या हे सर्व यावयाचे असते. त्यात दोऱ्याचा वाटा अत्यल्प. परंतु संपूर्ण कपड्याचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून. सबब गावच्या शिंप्याशी किंवा बचत गटाशी बोलताना शिक्षकास दोऱ्याची थोडीफार पारख असावी, एवढ्याच हेतूने पुढील माहिती दिली आहे.

१. सूत निराळे, दोरा निराळा

सांगली जिल्ह्यात विटा व माधवनगर येथे यंत्रमागाचा व्यवसाय प्रसिद्ध आहे. मागावर लागते ते सूत. ते बहुधा एकपदरी असते व विणले जात असताना फुटू नये म्हणून त्याच्या ताण्यास खळ दिलेली असते. माण तालुक्यातील घोंगडी विणणारे कारागीर लोकरीच्या ताण्यास चिंचोक्याची खळ देतात, तीही याच कारणाने. शिवणीचा दोरा मात्र दोन किंवा तीन पदर एकत्र पिळून केलेला असतो. घायपाताच्या वाखाचा दोर वळणाऱ्यास हे तत्त्व सांगावे लागत नाही. प्रत्येक पेड एका दिशेने पिळावयाचा आणि सर्व पेड एकत्र करताना उलट दिशेने वळावयाचे; म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांस धरून ठेवतात व दोर उलगडत नाही. शिवणीचा दोरा हा असाच एक अतिशय बारीक दोर होय. यास्तव मागाचे उरलेले एकपदरी सूत शिवणीस वापरू नये. ते सुईत पिंजते व टाक्यात तुटते.

इलायस होवे या अमेरिकन कारागिराने १८४६ मध्ये दुहेरी दोऱ्याच्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून दोऱ्याकडून असलेली अपेक्षा पालटली. हाताने शिवताना दोरा कापडातून सावकाश जातो. यंत्रात मात्र टाका पक्का बसण्यापूर्वी दोऱ्याचा तोच भाग सुईच्या नेढ्यातून व कापडातून डझनांनी मोजावे इतक्या वेळा वरखाली ओढला जातो. म्हणून यंत्राचा दोरा गुळगुळीत, एकसारखा व घट्ट पिळाचा असावा लागतो. हातशिलाईचा दोरा यंत्रास चालेलच असे नाही.

पिळाची दिशाही महत्त्वाची आहे. नेहमीच्या शिवणयंत्रास अखेरचा पीळ असा लागतो की, दोरा उभा धरला असता त्याचे पदर खालून डावीकडून वर उजवीकडे चढत गेलेले दिसतात. याच्या उलट पिळाचा दोरा यंत्र चालत असताना उकलत जातो व तुटतो. पाहण्याची रीत सोपी आहे. दोरा दोन्ही हातांच्या चिमटीत आडवा धरावा व उजव्या अंगठ्याने त्याचा वरचा भाग स्वतःकडे लोळवावा. पीळ घट्ट होत गेला तर दोरा यंत्रास योग्य. पदर सुटे झाले तर तो यंत्रावर घालू नये.

२. दोऱ्याचे मुख्य प्रकार

सुती दोरा : हा उष्णता चांगली सोसतो, कडक इस्त्रीने खराब होत नाही, आणि ओला झाला असता दुबळा न होता किंचित बळकटच होतो. परंतु तो फारसा ताणला जात नाही, धुण्यात आटू शकतो, व दमट जागी त्यास बुरशी लागते. जॉन मर्सर याने कापसावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८५० मध्ये घेतले. पुढे १८९० च्या सुमारास ही क्रिया सूत ताणून धरून करण्याची युक्ती निघाली व त्यामुळे सुतास चकाकी आली. अशा दोऱ्यास मर्सराइज्ड दोरा म्हणतात. साध्या सुती दोऱ्यापेक्षा तो अधिक बळकट, गुळगुळीत व रंग धरणारा असतो.

पॉलिएस्टर दोरा : या तंतूचा शोध इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ मध्ये लावला. आज बाजारातील शिलाईचा बहुतेक दोरा याच तंतूचा असतो. तो बळकट आहे, आटत नाही, त्यास बुरशी लागत नाही, आणि तुटण्यापूर्वी तो सुती दोऱ्याच्या दुपटीहून अधिक ताणला जातो. हा शेवटचा गुण मुलांच्या कपड्यांत फार उपयोगाचा आहे. मूल बसते, वाकते, झाडावर चढते. त्या वेळी काखेतील व बैठकीतील तिरपे कापड ताणले जाते. दोरा त्याच्याबरोबर ताणला गेला नाही तर तो तुटतो आणि शिवण उघडते.

रेयॉन दोरा : हा रेशमासारखा चमकतो व भरतकामास शोभतो, पण ओला झाला असता त्याची जवळजवळ अर्धी ताकद जाते. त्याने शिवण कधीही घालू नये.

नायलॉन दोरा : हा अतिशय चिवट असतो, मात्र उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कुजतो. काचेसारखा पारदर्शक एकतंतू दोरा अंगास टोचतो, म्हणून मुलांच्या कपड्यांस तो वापरू नये.

३. नंबराचा अर्थ

रिळावरील आकड्यांमुळे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण हे आकडे एकाच पद्धतीचे नसतात.

सुताच्या जुन्या पद्धतीत एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तो सुताचा नंबर. म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. रिळावर ४०/२ असे लिहिलेले असेल तर ४० नंबरी सुताचे दोन पदर असा अर्थ घ्यावा. दोन पदर एकत्र आल्याने त्याची जाडी २० नंबरी एकेरी सुताएवढी होते. ६०/३ या दोऱ्याची जाडीही तेवढीच. परंतु तीन पदरांमुळे तो अधिक गोल व एकसारखा असतो. पॉलिएस्टर दोऱ्यास दुकानदार १२० नंबर म्हणतात, तो त्याचा तिकीट नंबर होय. तो दोरा साधारणतः ४०/२ च्याच जाडीचा असतो. तिकीट नंबरही मोठा तितका दोरा बारीक.

डेनियर व टेक्स या पद्धतींचा नियम याच्या उलट आहे. ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, आणि १,००० मीटरचे वजन म्हणजे टेक्स. येथे आकडा मोठा तितका दोरा जाड. म्हणून दुकानात केवळ “मोठ्या नंबराचा दोरा द्या” असे म्हणू नये. कापडाचा तुकडा दाखवून व पद्धत विचारून दोरा घ्यावा.

४. कापडास साजेसा दोरा व सुई

निवडीचे मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येते : दोरा कापडाहून किंचित दुबळा असावा, परंतु फार दुबळा नसावा. फाजील ताण आला असता शिवण सुटावी, कापड फाटू नये. कारण सुटलेली शिवण पुन्हा घालता येते, फाटलेले कापड पूर्ववत होत नाही. आपल्या भागातील वाकळ हे याचे उत्तम उदाहरण होय. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे पदर एकावर एक घालून धावदोऱ्याने वाकळ शिवतात आणि त्यासाठी जाड, मऊ सुती दोरा घेतात. तेथे बारीक व चिवट पॉलिएस्टर दोरा घातला तर तो विरलेल्या कापडास कापत जातो. वाकळ उसवत नाही, पण टाक्यांच्या ओळीवर फाटते. सुई धरणाऱ्या आजीबाईंचा अनुभव व शास्त्र येथे एकच गोष्ट सांगतात.

नेहमीच्या कामास पुढील प्रमाण पुरेसे आहे :

(अ) पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाचा शर्ट, झगा : पॉलिएस्टर दोरा ४०/२ किंवा ६०/३, सुई १४ नंबर.
(आ) चड्डी, पँट व जाड कापड : तोच दोरा, बैठकीच्या शिवणीस दुहेरी टीप, सुई १६ नंबर.
(इ) पातळ सुती कापड, परकर, झबले : बारीक सुती अथवा बारीक पॉलिएस्टर दोरा, सुई ११ नंबर, आणि ती यंत्रास न मिळाल्यास नवी, टोकदार १४ नंबर.
(ई) दप्तर, कॅनव्हासची पिशवी, बसण्याची पट्टी : जाड तीनपदरी पॉलिएस्टर दोरा, जसे २०/३, सुई १८ नंबर.

सुई व दोरा यांचा मेळ पाहण्याकरिता सुमारे एक वीत दोरा नेढ्यात ओवावा, तो ताणून तिरपा धरावा व सुई वरच्या टोकाशी न्यावी. सुई स्वतःच्या वजनाने सावकाश खाली घसरली तर मेळ बरोबर आहे. ती अडली तर नेढे लहान आहे, दोरा घासून पिंजेल. झरकन खाली आली तर सुई फार जाड आहे, कापडास मोठी भोके पाडील. वर व बॉबीनमध्ये शक्यतो एकाच जातीचा व जाडीचा दोरा असावा. वर पॉलिएस्टर आणि खाली जुना सुती दोरा घातला की धुण्यात खालचा आटतो व शिवणीवर चुण्या पडतात.

५. ओव्हरलॉकचा दोरा

कापलेल्या कापडाच्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून जी कड बांधून घेतात, तिला ओव्हरलॉक म्हणतात; आपल्याकडे पुष्कळ शिंपी यासच इंटरलॉक म्हणतात. या यंत्रात बॉबीन नसते. सुईचा एक दोरा व लूपर नावाच्या आकड्यांतून येणारे दोन दोरे मिळून कडेभोवती जाळी विणतात.

येथे दोऱ्याचा खर्च फार असतो. साध्या टिपेस शिवणीच्या लांबीच्या सुमारे अडीच पट दोरा लागतो. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला सुमारे १४ पट लागतो. एवढा दोरा कडेवर साचावयाचा असल्याने तो बारीक व मऊ असावा. जाड दोरा घातल्यास कड ताठ होऊन मुलाच्या अंगास काचते. खर्च वाचविण्यासाठी काही ठिकाणी अगदी हलका, गाठाळ दोरा ओव्हरलॉकला घालतात. लूपरमध्ये तो चालून जातो. परंतु सुईचा दोरा तरी चांगल्या प्रतीचाच असावा, कारण दोन्ही कापडे धरून ठेवण्याचे काम तोच करतो.

ओव्हरलॉक ही मुळात कडेची राखण आहे. केवळ तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकवर काखेची किंवा बैठकीची शिवण सोडून देणे योग्य नव्हे. तिच्या आत साधी टीप घातलेली असलीच पाहिजे. गणवेश घेताना तो उलटा करून प्रथम हेच पाहावे.

६. यंत्रावरील भरतकामाचा दोरा

शाळेचे नाव किंवा बोधचिन्ह खिशावर भरून घेण्याची पद्धत आता खेड्यांतही आली आहे. साध्या यंत्रावर रिंग लावून हे काम करतात, तसेच संगणकाच्या यंत्रावरही करतात. दोन्हींस लागणारा दोरा सैल पिळाचा व चकचकीत असतो. तो कापड झाकावयाचा असतो, धरावयाचा नसतो. म्हणून भरतकामाच्या दोऱ्याने शिवण घालू नये आणि शिलाईच्या दोऱ्याने भरू नये.

हा दोरा रेयॉनचा किंवा पॉलिएस्टरचा मिळतो. भिंतीवर लावावयाच्या नमुन्यास रेयॉन शोभतो. परंतु रोज घातला जाणारा व दगडावर आपटून धुतला जाणारा गणवेश असेल तर पॉलिएस्टरच घ्यावा. सामान्यतः ४० नंबरचा दोरा वापरतात. बारीक अक्षरांस ६० नंबर बरा, ठळक भरणीस ३० नंबर. बॉबीनमध्ये त्याहून बारीक दोरा घालावा व वरचा ताण थोडा सैल करावा, म्हणजे खालचा दोरा वर दिसत नाही. कापडाखाली पेपरचे किंवा कॅनव्हासचे अस्तर लावले नाही तर दाट भरणीने खिसा आखडतो. हाताने भरावयाच्या सहापदरी लड्या यंत्रावर वापरू नयेत.

७. शाळेत करता येण्याजोगी पारख

पुढील परीक्षांस कोणतेही यंत्र लागत नाही.

(१) पाटीची परीक्षा : पांढऱ्या दोऱ्याचा हातभर तुकडा काळ्या पाटीवर सरळ ठेवावा. जाडबारीकपणा, गाठी व सुटे तंतू तत्काळ दिसतात. गडद दोऱ्यास पांढरा कागद घ्यावा.
(२) ताणाची परीक्षा : हातभर दोरा दोन्ही हातांत धरून हळूहळू ओढावा, मग दुसऱ्या तुकड्यास हिसका द्यावा. तीन-चार ठिकाणचे तुकडे पाहावेत. एखादाच तुकडा सहज तुटला तरी रीळ संशयास्पद समजावे. दुकानाच्या काचेत वर्षभर उन्हात राहिलेले रीळ बाहेरून नवे दिसते, पण त्याचे वरचे थर कमजोर झालेले असतात.
(३) जाळण्याची परीक्षा : ही शिक्षकाने स्वतः करावी, मुलांच्या हाती देऊ नये. चिमट्यात दोरा धरून ज्योतीशी न्यावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याच वासाचा असतो व मऊ राख ठेवतो. रेयॉनही तसाच जळतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आखडतो, वितळतो आणि थंड झाल्यावर कठीण मणी राहतो. सुती म्हणून विकलेला दोरा यावरून ओळखता येतो.
(४) रंगाची परीक्षा : रंगीत दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, साबण लावून चोळावा व तसाच वाळू द्यावा. फडक्यास डाग लागल्यास तो दोरा पांढऱ्या शर्टावर वापरू नये.
(५) शिवणीची परीक्षा : मोठी मागणी देण्यापूर्वी ठरलेल्या कापडाच्या दोन तुकड्यांवर वीतभर शिवण घालून घ्यावी. एका इंचात १० ते १२ टाके असावेत. शिवण दोन्ही बाजूंनी ओढली असता मधून दोरा उघडा पडू नये. मग ती दोनतीनदा धुऊन वाळवावी आणि पुन्हा ओढून पाहावी.

दोरा जपून ठेवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर या पावसाच्या तालुक्यांत सुती दोरा झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून दूर ठेवावा. माण, आटपाडी, जत या कोरड्या भागांत धुळीची बाधा अधिक. रिळावर बसलेली बारीक धूळ दोऱ्यास व यंत्रास दोहोंस घासते. दोन्हीकडे खिडकीतील ऊन मात्र टाळावे.

८. अध्यापनात उपयोग

हा विषय केवळ खरेदीपुरता नाही. कार्यानुभवाच्या तासास मुलांना दोर वळून दाखवावा व सुईतील दोऱ्याचे पदर सोडवून दाखवावेत. मोठ्यातील तत्त्व लहानात कसे आहे हे त्यांच्या ध्यानी येईल. गणितात उदाहरण द्यावे : एका शर्टात साध्या टिपेची लांबी १५ मीटर व ओव्हरलॉकची ५ मीटर धरली, तर अडीच पटीने ३७.५ मीटर आणि १४ पटीने ७० मीटर, मिळून १०७.५ मीटर दोरा लागेल. मग १,००० मीटरच्या रिळात किती शर्ट होतील? उत्तर ९ येईल व थोडा दोरा उरेल. ज्या मुलांच्या घरी शिलाईचे काम चालते त्यांना हे गणित आपले वाटेल, आणि वर्गात सांगण्याजोगे त्यांच्याजवळ काही असेल. त्यांच्या आईस किंवा वडिलांस एखाद्या दिवशी शाळेत बोलावून सुई, दोरा व ताण यांची माहिती सांगण्याची विनंती करावी.

शिक्षकबंधुभगिनींस शेवटी एवढेच सुचवावयाचे आहे की, या वर्षीची मागणी देण्यापूर्वी समितीच्या बैठकीत कापडाच्या नमुन्याबरोबर दोऱ्याचे रीळही टेबलावर ठेवावे, वरील परीक्षा सर्वांसमक्ष कराव्यात, आणि बैठकीच्या शिवणीस दुहेरी टीप घालण्याची अट इतिवृत्तात लिहून ठेवावी. तसेच प्रत्येक शाळेत एका डब्यात पांढरा, काळा व गणवेशाच्या रंगाचा दोरा, दोन सुया व चार गुंड्या असाव्यात. मुलगा उसवलेल्या कपड्यानिशी आला तर त्यास घरी न पाठविता मधल्या सुटीत चार टाके घालून देता येतील, आणि पाचवीच्या मुलामुलींस ते स्वतः घालावयास शिकविता येतील.